गुडघा भरायच्या आधी

मागच्या महिन्यात सिव्हिलच्या बाकावर शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर दीड वर्षाचं पोर, त्याचा ओठ सुजलेला, झबल्यावर वाळलेलं रक्त. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या, रिपोर्टचा कागद तिने चार घड्या घालून पाकिटात ठेवला होता. मला म्हणाली, "ताई, हे किती दिवसांत बरं होतं?" नऊ वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरले होते. तिला जमेल तेवढं सांगितलं, पण तेवढ्यात आमचा नंबर लागला. सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सिस्टरकडे मला अजून बरीच वर्षं जायचंय. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, जिल्ह्याचं ठिकाण ५४ किलोमीटरवर, आणि ह्यांची नोकरी साखर कारखान्यात, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत रजेचं नाव काढायचं नाही. एवढं कळलं की पुढचं कळेल. मुलाला इथे सोन्या म्हणते.

सुरुवात खरं तर सोन्यापासून नाही, माझ्या मोठ्या भावापासून होते. दादा १९७६ चा. लहानपणी त्याचे गुडघे, घोटे सुजायचे. घरात त्याला वात म्हणायचे. निर्गुडीचा शेक, एरंडाची पानं, आणि फारच झालं तर हाडवैद्याकडून चोळून आणायचं. आत रक्त साठलेल्या सांध्याला शेक आणि चोळणं, म्हणजे जे करू नये नेमकं तेच. २००१ मध्ये त्याची दाढ काढली आणि तीन दिवस रक्त थांबेना, तेव्हा पुण्याला कळलं की हा हिमोफिलिया आहे. तोवर उजवा गुडघा कायमचा आखडला होता. एसटीत तो पाय मधल्या वाटेत लांब करून बसतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला "पाय घ्या की आत" म्हणतो.

हा आजार आईकडून येतो. आईला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, पण तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकात दोष असतो. मुलगा झाला तर त्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची निम्मी. जवळपास एक तृतीयांश घरांत मात्र आधी कुणालाच नसतो, एकदम उगवतो. आमच्या घरात समोर दिसत होता, तरी मला कुणी सांगितलं नाही की तुझीही तपासणी करून घे. २०११ साली माझं लग्न ठरलं तेव्हा "मुलीच्या भावाच्या पायात जरा दोष आहे" एवढंच सांगितलं गेलं. पुढे सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडनं आलं हे." विज्ञान त्यांच्याच बाजूने होतं, हीच तर पंचाईत. ज्यांच्या घरी मामाला किंवा भावाला हा आजार आहे, त्यांनी बहिणींची तपासणी लग्नाआधी नाही तर निदान दिवस जायच्या आधी करून घ्या. गर्भातल्या बाळाची तपासणीही होते, मुंबईत केईएमच्या आवारातल्या रक्तविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत ती करतात. माझ्या धाकट्या बहिणीची आम्ही करून घेतली. ती वाहक नाही. त्या दिवशी तिने पेढे वाटले आणि मला एक पेढा देताना तिचाच चेहरा पडला.

सोन्या रांगायला लागला तेव्हा अंगावर निळे डाग दिसायचे. जानेवारी २०१६ मध्ये, दीड वर्षाचा असताना, तो पायरीवर पडला आणि वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी आतली बारीक दोरी फाटली. तेवढ्याशा जखमेतून दोन दिवस रक्त येत होतं. एका खासगी दवाखान्यात टाका घातला, तिथूनही रक्त. मांडीत इंजेक्शन दिलं, तर मांडी दगडासारखी टणक झाली. मी दादाबद्दल सांगत होते, पण "अहो, तो मोठ्या माणसांचा आजार" असं म्हणून मला गप्प बसवलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त गोठण्याच्या दोन साध्या चाचण्या केल्या. पीटी बरोबर, एपीटीटी तिपटीने जास्त. मग पुण्याला फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी केली, २,८०० रुपये लागले. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: फॅक्टर ८, एक टक्क्यापेक्षा कमी. एक टक्क्याखाली असेल तर तीव्र, एक ते पाच मध्यम, त्याच्या वर सौम्य. आमचा तीव्र. हा कागद आयुष्यभर लागतो. त्याच्या दहा झेरॉक्स काढा, फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात "राहू दे आमच्याकडे" म्हणाले तरी देऊ नका.

पुढची सहा वर्षं आमचं चाललं होतं ते म्हणजे सांधा रक्ताने भरला की पळायचं. पोर सकाळी म्हणायचं "मुंग्या येताहेत", दुपारपर्यंत गुडघा गरम, संध्याकाळी नारळाएवढा. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर, पॅरासिटामॉल. (ॲस्पिरिन, ब्रुफेन कधीही नाही. मेडिकलवाला देईल, तरी नाही.) मग पहाटेची एसटी, सिव्हिल, रांग, फॅक्टरचं इंजेक्शन. परतेपर्यंत दिवस गेलेला, शाळा गेलेली. मला वाटायचं हेच उपचार. फॅक्टर फुकट मिळतंय, दादाच्या नशिबी तेही नव्हतं, आणखी काय पाहिजे?

२०२२ च्या फेब्रुवारी ते जुलैमध्ये उजवा गुडघा चार वेळा भरला. तोच उजवा. ऑगस्टच्या ९ तारखेला सिव्हिलच्या हिमोफिलिया डे केअरमध्ये नव्या आलेल्या डॉक्टर मॅडमनी माझी रक्तस्रावांची वही मागितली, तारखा बघितल्या आणि म्हणाल्या, "सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीनदा आपोआप रक्त आलं की तो टार्गेट जॉइंट. हा झाला. आता भरल्यावर देऊन चालणार नाही. भरायच्या आधी द्यायचं."

मी म्हटलं, काहीच झालेलं नसताना इंजेक्शन? पोराला उगाच टोचायचं?

त्यांनी मला जे सांगितलं ते मी घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि दोघंही गप्प बसलो. स्वीडनमध्ये माल्मो म्हणून शहर आहे. तिथे इंगा मारी निल्सन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९५८ साली तीव्र हिमोफिलियाच्या मुलांना ठरावीक दिवसांनी, काही झालेलं नसतानाही, फॅक्टर द्यायला सुरुवात केली. विचार साधा: ज्यांच्यात फॅक्टर एक टक्क्याच्या जरा वर असतं त्यांचे सांधे बरेच टिकतात, मग तीव्रवाल्यांना त्या रेषेच्या वर उचलून ठेवायचं. ती मुलं चालत-फिरत मोठी झाली. १९५८! दादाचा जन्मच १९७६ चा. त्याच्या गुडघ्यावर आमची आजी एरंडाची पानं बांधत होती तेव्हा जगात एका गावी हे चालू होऊन पंचवीस वर्षं होत आली होती. आणि जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच आहे की रक्तस्राव झाल्यावरच फॅक्टर देत राहणं हा दीर्घकाळाचा उपचार धरता येणार नाही. म्हणजे आम्ही सहा वर्षं ज्याला उपचार म्हणत होतो, ती धावपळ होती.

पैसा हा प्रश्न आहेच. श्रीमंत देशांत मुलाच्या वजनाच्या किलोला २५ ते ४० युनिट, आठवड्यातून तीनदा देतात. आपल्याकडे तेवढं परवडत नाही म्हणून कमी मात्रेचा मार्ग निघाला: किलोला साधारण १० युनिट, आठवड्यातून दोनदा. सोन्याचं वजन तेव्हा २३ किलो. म्हणजे २५० युनिटची एक बाटली, सोमवारी आणि गुरुवारी. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण नाही, पण शून्यापेक्षा खूप आहे." मला ही भाषा आवडली.

पण लगेच सुरू होत नाही. आधी इन्हिबिटरची चाचणी. बाहेरून दिलेल्या फॅक्टरला शरीर परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग कितीही बाटल्या द्या, उपयोग होत नाही. तीव्र प्रकारात शंभरातल्या तीसेक जणांना हे कधी ना कधी होतं. आमचं रक्त तपासायला बाहेर पाठवलं. रिपोर्टला १७ दिवस लागले. त्या १७ दिवसांत मी काय काय वाचलं ते आठवायला नको. २६ ऑगस्टला फोन आला: निगेटिव्ह.

मग कागद. जिल्ह्याच्या केंद्रावर नोंदणी होतीच, पण हिमोफिलिया फेडरेशनच्या आपल्या भागातल्या शाखेतही नोंदणी करा असं मॅडमनी बजावलं. फॉर्म, फॅक्टरचा रिपोर्ट, आधार, दोन फोटो, रक्तगट. ही संघटना दिल्लीत १९८३ मध्ये अशोक बहादूर वर्मांनी सुरू केली, त्यांना स्वतःला हा आजार होता. मला वाटलं होतं शाखा म्हणजे वर्गणी आणि वर्षातून एक कार्यक्रम. चूक कळायला दोन महिनेच लागले.

कारण ऑक्टोबरात सिव्हिलचा साठा संपला. "स्टॉक नाही, दिवाळीनंतर बघा." निविदा अडकली होती म्हणे. ५४ किलोमीटर जाऊन हे ऐकायचं आणि परत फिरायचं. (तेव्हापासून निघायच्या आधी सिस्टरना फोन केल्याशिवाय मी एसटी स्टँडवर पाय ठेवत नाही. त्यांचा नंबर मिळवा, पण रात्री-अपरात्री फोन करू नका, नाहीतर पुढच्या वेळी उचलणार नाहीत.) त्याच आठवड्यात गुडघा पाचव्यांदा भरला. बाजारातून दोन बाटल्या आणल्या, ६,२०० रुपये, म्हणजे ह्यांचा जवळपास निम्मा पगार. मग शाखेला फोन केला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर बर्फाच्या डब्यातून सहा बाटल्या आल्या. खोक्यावर छापलेलं होतं की ही देणगी आहे, विक्रीसाठी नाही.

सोन्या तिसरीत होता, नकाशाचं वेड लागलेलं. "कुठनं आलं हे?" जागतिक महासंघाच्या मदतीतून, त्यांचं कार्यालय कॅनडातल्या माँट्रियलला, असं सांगितल्यावर त्याने भूगोलाच्या नकाशात माँट्रियल शोधून त्यावर पेनने गोल केला. तिथले फ्रँक श्नाबेल म्हणून एक व्यावसायिक होते, त्यांना तीव्र हिमोफिलिया. १९६३ मध्ये त्यांनी हा महासंघ उभा केला. १७ एप्रिल हा त्यांचा वाढदिवस, म्हणून त्या दिवशी जागतिक हिमोफिलिया दिन. गरीब देशांना फॅक्टर पुरवण्याचं काम १९९६ पासून चालू आहे. पोराला एवढंच कळलं की लांबच्या एका आजारी माणसाने आपल्यासाठी काहीतरी करून ठेवलंय. मला त्यातली दुसरी बाजूही बोचत होती. आपल्या लेकराचा गुडघा कुणाच्या देणगीवर टिकायचा, हे काही बरं नाही. देणगी अडीअडचणीला. रोजचं औषध सरकारी साठ्यातूनच यायला हवं, आणि त्यासाठी आपण मागत राहायला हवं. आमच्या जिल्ह्यातल्या अकरा पालकांनी मिळून तेव्हा लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. नुसतं तोंडी बोललेलं हवेत जातं. आवक क्रमांक घ्याच.

१४ नोव्हेंबर २०२२, सोमवार, बालदिन. पहिला डोस, काहीही झालेलं नसताना. सोन्या म्हणाला, "पण मला दुखत नाहीये." मी म्हटलं, "म्हणूनच."

तो हिवाळा एसटीत गेला. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहा दहाची गाडी, साडेअकराला परत, एकच्या सुमारास शाळा. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा हिशेबाच्या वहीत पहिल्यांदा थोडी हवा आली. शाळेत मुख्याध्यापक बाईंना मी आधी घाबरत भेटले. डॉक्टरांचं पत्र दिलं, त्याखाली माझ्या हाताने पाच ओळी लिहून दिल्या: पडला तर बर्फ, डोक्याला लागलं तर वाट न बघता फोन, मारायचं नाही, पट्टीसुद्धा नाही, कबड्डी नाही, पोहणं चालेल. बाईंनी तो कागद लॅमिनेट करून स्टाफरूममध्ये लावला. मी एवढी अपेक्षा केली नव्हती.

पण आठवड्याला दोनदा १०८ किलोमीटर हे कायमचं जमण्यासारखं नव्हतं. फेब्रुवारीत मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शिका." मी बारावी नापास बाई. शिरेत सुई घालायची?

शिकायला तीन महिने लागले. पहिले पंधरा दिवस नुसतं बघितलं. मग बाटली तयार करायला: फ्रीजमधून आधी अर्धा तास काढून ठेवायची, पावडरच्या बाटलीत पाणी कडेने सोडायचं, हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून रवी फिरवतात तशी हळू फिरवायची. फेस आला तर थांबायचं. मग सलाईनच्या रबरी नळीवर सुई. मग ह्यांच्या हातावर. ह्यांनी तोंड फिरवून हात पुढे केला आणि सुई लागायच्या आधीच "आई गं" म्हणाले, सिस्टर हसून हसून खाली बसल्या.

सोन्याच्या हातावर पहिल्यांदा, ११ मे. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला एक शीर आहे, तिरपी, त्याच्या तिळाच्या शेजारून जाणारी. पट्टा बांधला, त्याने मूठ आवळली, मी बोटाने चाचपलं. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाखाली ओल्या दोऱ्यासारखी लागते ती धरायची. बटरफ्लाय सुईचे पंख चिमटीत धरले. आत गेली, पण नळीत रक्त आलं नाही. काढली, पाच मिनिटं दाबून धरलं. दुसऱ्यांदा, तेच. माझे हात थरथरत होते. सोन्या म्हणाला, "आई, तू श्वास घेत नाहीयेस." मी श्वास घेतला. तिसऱ्यांदा नळीत काळपट लाल रेघ सरकत आली. पट्टा सोडला, पाच मिनिटं हळूहळू औषध दिलं, आणि पोरगा सबंध वेळ नळीतला रंग लाल, मग फिका, मग पाण्यासारखा होताना बघत होता.

जूनपासून घरी. महिन्याला एकदा जायचं, आठ-नऊ बाटल्या थर्मासमधून आणायच्या. मोकळ्या बाटल्या आणि भरलेली नोंदवही दाखवल्याशिवाय पुढच्या मिळत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. फ्रीजमध्ये ठेवताना २ ते ८ अंश, बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नाही. आमच्याकडे दुधाच्या पिशव्यांखाली एक खोका दबून सापडला तेव्हापासून श्रीखंडाच्या मोठ्या डब्यावर "हात लावू नये" लिहून त्यात ठेवते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, भरली की सिव्हिलला परत.

आता दिव्यांग प्रमाणपत्र. हे वाचायला कंटाळवाणं आहे, करायला त्याहून. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आले. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू. तरी अनेकांना वाटतं की हे कार्ड फक्त काठी घेऊन चालणाऱ्यांचं. मी २१ जून २०२३ ला दिव्यांग कार्डाच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. नेट कॅफेवाल्याने ५० रुपये घेतले आणि अपंगत्वाच्या प्रकारात "लोकोमोटर", म्हणजे हालचालीचं अपंगत्व, टाकलं. समोर बसून बघा, रक्तविकारात हिमोफिलिया असा वेगळा पर्याय आहे. आमचा अर्ज त्यामुळे परत भरावा लागला. पहिल्या तारखेला बोर्डाचे डॉक्टर आले नाहीत. दुसऱ्या तारखेला खिडकीवरचे म्हणाले, "हा तर चांगला चालतोय की." मी त्यांच्याशी भांडले नाही, कायद्याच्या यादीची झेरॉक्स पुढे सरकवली. ते म्हणाले, फॅक्टरचा रिपोर्ट २०१६ चा आहे, नवा आणा. जन्मजात दोष नव्या रिपोर्टात बदलणार आहे का, हे विचारायची उबळ आली, पण गिळली. नवा काढला, पुन्हा पैसे. तिसऱ्या तारखेला अस्थितज्ज्ञांनी गुडघ्याचं वाकणं कोनमापकाने मोजलं, फिजिशियननी वही बघितली, सही झाली. पिवळं कार्ड पोस्टाने आलं १९ जानेवारी २०२४ ला. पिवळं म्हणजे ४० टक्के किंवा वर, पण ८० च्या खाली. सात महिने.

त्याचा उपयोग काय? पुढे कॉलेजात दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के जागांत तो बसेल. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र हिमोफिलिया नाही. का नाही, हे ज्यांनी यादी केली त्यांना विचारायला हवं. रेल्वेची सवलत या कार्डाशिवायही मिळते: उपचाराला जाणाऱ्या हिमोफिलियाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के, स्लीपर आणि थ्री टायर एसीलाही, रुग्णालयाच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. ज्यांचा आयकर कापला जातो त्यांनी जुन्या करपद्धतीत आजाराच्या उपचारखर्चाची वजावट बघा (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी), त्यातल्या आजारांत हिमोफिलियाचं नाव आहे.

या सगळ्यात दादा मात्र दूर राहिला होता. त्याला वाटायचं, हे सगळं दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं, काय भरवसा. ही भीती वेडगळ नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत हजारो लोकांच्या रक्तातून एकत्र काढलेल्या फॅक्टरमधून हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्ही आणि कावीळ सी झाली. कितीतरी माणसं गेली. ब्रिटनच्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल २० मे २०२४ ला आला आणि तिथल्या पंतप्रधानांना संसदेत माफी मागावी लागली. आता फॅक्टरवर विषाणू मारण्याची प्रक्रिया होते, आणि बरंचसं तर माणसाच्या रक्ताशिवायच तयार होतं. हे मॅडमनी दादाला शांतपणे समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या वेळी ना चांगलं मिळालं ना वाईट." पण त्यानंतर तो डाव्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपीला जायला लागला. पन्नाशीच्या उंबऱ्यावर.

आमचे आकडे सांगते, कारण मला कुणी सांगितले असते तर मी लवकर ऐकलं असतं. २०२२ मध्ये सोन्याला १९ वेळा रक्तस्राव झाला. २०२३ मध्ये सहा. २०२४ मध्ये दोन, त्यातला एक सायकलवरून पडून, म्हणजे कुठल्याही पोराला झाला असता तसा. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, थोडा कमी पडतो. ते २०२२ च्या आधी गेलं, ते येणार नाही. शाळेचे गैरहजर दिवस ६१ वरून ९ वर आले.

आता तो अकरा वर्षांचा, ३२ किलो. मात्रा वाढवून ५०० ची बाटली केली आहे. पुढचा विषय एमिसिझुमॅबचा. हे कातडीखाली द्यायचं इंजेक्शन, दर आठवड्याला, पंधरा दिवसांनी किंवा चार आठवड्यांनी. शीर शोधायची भानगड नाही, आणि इन्हिबिटर असलेल्यांनाही चालतं. केरळमध्ये आशाधारा योजनेतून अठरा वर्षांखालच्या मुलांना हे द्यायला २०२४ मध्ये सुरुवात झाली. आमचं नाव इकडच्या यादीत आहे. वर्षभरात दोनदा विचारून आले, तिसऱ्यांदा जुलैत विचारेन. मिळालं तरी घरात फॅक्टर ठेवावं लागणारच, मोठं लागलं तर तेच उपयोगी पडतं.

त्या बाकावरच्या बाईला मी माझा नंबर दिला. तिचा तीन दिवसांनी फोन आला: शाखेचा फॉर्म भरलाय, रक्तगटाचा रकाना रिकामा राहिला तर चालेल का? नाही चालणार, म्हटलं.

नोंदवही आता सोन्याच लिहितो. तारीख, वेळ, युनिट, बाटलीचा बॅच नंबर, कारण. जुन्या पानांवर कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात खालपर्यंत "उ. गुडघा, उ. गुडघा, डावा घोटा, उ. गुडघा" आहे. त्याच्या पानांवर पहिल्या ओळीत "काही नाही" लिहिलेलं असतं आणि खाली सगळीकडे नुसतं "—॥—".